शनवारतेल्यांच्या बायका आणि इतर सवाल

मागच्या अंकात बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजावर एक पान होतं. त्यात नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं गलबत, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, मुंबईचं १७९६ सालचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, असं सगळं होतं. त्यावर आलेल्या मेसेजेसमधे फिरून फिरून एकच विचारणा, की यात बायका कुठेत, त्या काय शिकवायच्या, कोणाला शिकवायच्या. म्हणून यावेळी अख्खा कॉलम त्यावरच. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय, म्हणून सगळ्यांचीच गाळलीत.

ताई, मी पेणची. आमच्या मागच्या आळीत ज्यू कुटुंब होतं, त्यांच्याकडे मलिदा झाला की ताट आमच्याकडे यायचंच. पण प्रार्थना सगळी पुरुषांची, दहा पुरुष जमेपर्यंत सगळे ताटकळत बसायचे. मग त्या घरातल्या बायकांना धर्माचं काही येत होतं की त्यांनी नुसतं रांधायचं?
(एक वाचक, पेण)

काकू, अख्ख्या समाजाची ओळख पटली तीच मुळी रांधण्यावरून. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ती गोष्ट अशी, की दावीद राहाबी नावाचे एक ज्यू गृहस्थ कोकणात आले. इथले शनवारतेली शनिवारी काम करत नाहीत, मुलांची सुंता करतात हे त्यांच्या कानावर आलं होतं, पण यांच्याकडे ना हिब्रू पुस्तक, ना सिनेगॉग, आठवणीत उरलेली प्रार्थना म्हणजे फक्त ‘शेमा इस्राएल’. मग हे ज्यू कशावरून? तर राहाबींनी घरातल्या बायकांसमोर निरनिराळे मासे ठेवले आणि म्हणाले रांधा. बायकांनी पर आणि खवले दोन्ही असलेले मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला सारले. ज्यू धर्माचा नियम अगदी हाच आहे, म्हणून तर कोलंबी, चिंबोरी, तिसऱ्या सगळं बाद. राहाबींची खात्री पटली. आता राहाबी नक्की कोणत्या शतकात आले यावर अभ्यासकांचं एकमत नाही आणि गोष्ट थोडी रंगवलेलीही असेल, पण मला त्यातली एक गोष्ट फार आवडते, की परीक्षा बायकांनी दिली आणि पास झाल्यावर राहाबींनी शिकवून काजी, म्हणजे धर्मविधी चालवणारे, नेमले ते मात्र तिघे पुरुष!

सणांची जुनी नावं घ्या ना. रोश हशाना हा नव्या वर्षाचा सण, त्याला हे म्हणायचे नव्याचा सण, आणि त्याच्या पाठोपाठ खिरीचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुखवट्याच्या दिवसाला म्हणायचे बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं. पेसाह म्हणजे बेखमीर भाकरीचा सण, त्याचं जुनं नाव अनाशी ढाकाचा सण, आंबटाचं भांडं झाकून ठेवायचा सण. म्हणजे वाचायला पोथी नाही तेव्हा वर्षाचं कॅलेंडर कुठे होतं तर चुलीपाशी, आणि पोराला मंदिर पडल्याची गोष्ट कळायची ती वाल सोलता सोलता, आज हेच का खायचं म्हणून पोरं विचारणार आणि आई सांगणार. याला धर्मशिक्षण नाही म्हणायचं तर मग कशाला म्हणायचं मला माहीत नाही.

आणि मलिदा. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, सुकामेवा, वेलची, वर फळं रचलेली, शिवाय वास घ्यायला गुलाब किंवा सब्जा. एलियाहू हनाबी, म्हणजे बायबलमधला प्रेषित एलिया, त्याच्या नावाने. नवस फेडायला, लग्नाआधी, नव्या घरात, आजारातून कोणी उठलं की. प्रत्येक प्रकाराचा आशीर्वाद वेगळा, झाडाच्या फळाचा वेगळा, जमिनीत उगवलेल्याचा वेगळा, सुवासाचा वेगळा. आता ताटात काय काय हवं, कुठलं फळ कशात मोडतं, हे ताट भरणाऱ्या बाईला आधी माहीत हवं, नाहीतर दहा पुरुष जमूनही काय म्हणणार? अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हनाबीच्या रथाच्या खुणा म्हणून दाखवतात तो खडक आहे, तिथे आजही इस्राएलहून लोक नवस फेडायला येतात. तुम्ही पेणच्या म्हणजे जवळच, बघितला नसेल तर बघून या.

ज्यू लोकांमधे मराठी कीर्तन असायचं हे खरं आहे का? मी स्वतः कीर्तन शिकते, आमच्या गुरुजींना विचारलं तर ते हसले.
(एक विद्यार्थिनी, पुणे)

गुरुजींना सांग खरं आहे. १८८० च्या सुमाराला मुंबईत काही बेने इस्राएल मंडळींनी आपलं हिंदू कीर्तन ऐकलं आणि ठरवलं की हे आपल्याकडे का नको. मग आख्यानं लागली, अब्राहम, योसेफ, मोशे, आणि वृत्तं सगळी तुझ्या ओळखीची, ओवी, अभंग, साकी, दिंडी. कारण साधं होतं, सिनेगॉगमधली हिब्रू प्रार्थना समोर बसलेल्या निम्म्या लोकांना कळायची नाही आणि बायकांना तर नाहीच, त्या वरच्या गॅलरीत. मराठीत सांगितल्यावर सगळ्यांनाच कळलं.

कीर्तनकार सुरुवातीला पुरुषच होते. पण १९४८ नंतर समाजाचा मोठा भाग हळूहळू इस्राएलला गेला, बुवा कमी झाले, आणि ती गाणी बायकांनी उचलली. अश्दोद, दिमोना, लोद, बेरशेबा अशा गावांतून मराठी कार्यक्रमांना बायका बसून ही पदं म्हणतात, सुनांना आणि नातींना शिकवतात, ज्यांचं मराठी आता खीर आणि बिरडं एवढ्यापुरतं उरलंय अशा नातीसुद्धा चाल बरोब्बर म्हणतात म्हणे. तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलंय. केरळात कोचीच्या ज्यू बायकांची अशीच परंपरा आहे, त्या मल्याळम गाणी वह्यांत उतरवून ठेवायच्या, आईची वही लेकीकडे. आणि त्या पुरुषांसमोर खुशाल गायच्या, इतर ठिकाणच्या कडक ज्यू घरांत बाईने परपुरुषासमोर गायचं नाही असा नियम असताना. तुला तुलना करायची असेल तर तिथून सुरुवात कर. अभ्यासाला फार छान विषय आहे, प्रोजेक्ट कुठे देतेस ते मला कळव.

माझ्या आजीची बाळंतपणं कामा हॉस्पिटलमधे झाली, ती ‘झिराड बाईं’चं नाव देवासारखं घ्यायची. त्या ज्यू होत्या एवढंच माहीत आहे. अजून सांगाल?
(एक वाचक, गिरगाव)

सांगते की, आणि हा कॉलमचा माझा सगळ्यात लाडका भाग आहे त्यामुळे जरा लांबेल.

डॉ. जेरुशा झिराड, जन्म १८९०. लहानपणी बहीण खूप आजारी पडली, कामा हॉस्पिटलच्या डॉ. बेन्सन यांनी तिला बरं केलं, आणि या मुलीने तिथेच ठरवलं की आपण डॉक्टर व्हायचं आणि याच हॉस्पिटलमधे काम करायचं. ग्रँट मेडिकल कॉलेजमधे शिकल्या, मग लंडनला गेल्या, पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत शिकून १९१९ मधे एम.डी. झाल्या. परत आल्यावर कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, १९२८ पासून १९४७ पर्यंत. मुंबईत बाळंतिणी का दगावतात याचा पद्धतशीर शोध १९३७ ते १९४१ या काळात त्यांच्या देखरेखीखाली झाला. पुढे देशभरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना १९५० मधे उभी राहिली तेव्हा तिच्या पहिल्या अध्यक्ष त्याच, आणि १९६६ मधे पद्मश्री.

हे झालं डॉक्टरकीचं, ते बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. पण त्यांनी अजून एक गोष्ट केली ती फारशी कोणी सांगत नाही. लंडनमधे असताना त्यांना लिली मॉन्टेग्यू यांच्या उदारमतवादी ज्यू चळवळीची ओळख झाली. मॉन्टेग्यू बाई स्वतः प्रार्थना चालवायच्या, प्रवचन द्यायच्या, त्या काळात! झिराड बाई ते डोक्यात घेऊनच परत आल्या आणि १९२५ मधे मुंबईत ज्युइश रिलिजस युनियन सुरू झाली, त्यामागे त्या होत्या. प्रार्थनेला बाया पुरुष एकत्र बसणार आणि जे म्हणायचं ते कळणाऱ्या भाषेतही म्हणायचं. समाजात सगळ्यांना हे रुचलं असं मुळीच नाही, जुनी मंडळी जुन्या सिनेगॉगलाच राहिली आणि ही शाखा कायम लहानच राहिली.

आता दिवसभर बाळंतपणं करणाऱ्या, रात्री अपरात्री उठून धावणाऱ्या बाईला हा उद्योग कशाला हवा होता? माझा आपला अंदाज सांगते. बाई डॉक्टरकडे येते तेव्हा तिचं नुसतं पोट दुखत नसतं हे त्यांनी रोज बघितलं असणार. घरात तिला कोणी विचारत नाही, देवळात वरती गॅलरीत, पुस्तकातलं कळत नाही. मग औषध एकाच जागी देऊन काय उपयोग. हल्ली वेलनेस वेलनेस म्हणून जे चाललंय ना, ताडासन आणि ग्रीन टी आणि सुगंधी मेणबत्ती, त्याच्यापेक्षा मला हे कितीतरी जास्त पटतं. तुमच्या आजीने देवासारखं नाव घेतलं त्यात नवल नाही.

माझी मुलगी न्यू जर्सीला असते. तिच्या ऑफिसातल्या ज्यू मैत्रिणीने तिला ‘रोश खोदेश’च्या बायकांच्या बैठकीला बोलावलंय. जावं का? धर्म बदलायचा वगैरे काही प्रकार नाही ना? आणि काय न्यावं? मी म्हटलं बेसनाचे लाडू ने.
(एक आई, डोंबिवली)

जाऊ द्या हो! धर्मांतराचं टेन्शन मुळीच घेऊ नका, ज्यू लोक आपल्या धर्मात या म्हणून मागे लागत नाहीत, उलट कोणी आपणहून यायचं म्हटलं तरी आधी परत पाठवायची त्यांची जुनी रीत आहे.

रोश खोदेश म्हणजे त्यांच्या महिन्याचा पहिला दिवस. त्यांचं पंचांगही चंद्रावर चालतं, त्यामुळे हा दिवस आपल्या अमावास्येच्या पुढेमागेच येतो, आणि आपल्यासारखाच त्यांच्याकडे अधिक महिना असतो, १९ वर्षांत ७ वेळा. या दिवशी बायकांनी जड कामं करू नयेत असा रिवाज आहे. त्यामागची कथा अशी, की वाळवंटात पुरुषांनी सोन्याचं वासरू करायला घेतलं तेव्हा बायकांनी आपले दागिने द्यायला साफ नकार दिला, म्हणून बक्षीस म्हणून ही सुट्टी. (दागिने द्यायला नकार दिल्याबद्दल बक्षीस मिळतं असा धर्म मला बरा वाटतो.) ही सुट्टी बराच काळ नावापुरतीच उरली होती. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या ज्यू बायका सिनेगॉगमधे आपल्याला जागा द्या म्हणून भांडत होत्या, तेव्हा त्यांनीच हा दिवस परत काढला आणि घराघरातून महिन्याला जमायला लागल्या. पुजारी लागत नाही, दहा पुरुष लागत नाहीत. मेणबत्ती लावायची, त्या महिन्याची एखादी कथा वाचायची, त्यावर बोलायचं, गायचं. कुठे चित्रं काढतात, कुठे श्वासाचे व्यायाम करतात, कुठे नुसती आई-सासूची गाऱ्हाणी चालतात असंही ऐकलंय. शिकवणारी दर महिन्याला वेगळी असते बऱ्याच ठिकाणी, जिला जे येतं ते तिने शिकवायचं. आपल्या भोंडल्याला यायला जेवढं धाडस लागतं तेवढंच इथे जायला लागेल.

आता लाडू. राग मानू नका, पण लाडू नको. शाकाहारी म्हणजे आपोआप कोशर, म्हणजे ज्यू नियमात बसणारं, असं नसतं, ज्या स्वयंपाकघरात आणि ज्या भांड्यात पदार्थ झाला त्यालाही नियम आहेत, आणि तुपाचा पदार्थ मटणाच्या जेवणासोबत चालत नाही. तिकडच्या सगळ्याच जणी इतकं पाळतात असं नाही, पण एखादी पाळणारी असली तर ती बिचारी लाडू हातात घेऊन अवघडून बसेल. त्यापेक्षा न कापलेली फळं न्यावीत, किंवा फुलं, किंवा सुक्यामेव्याचं बंद पाकीट, ज्यावर कोशरचं चिन्ह असेल, गोलात यू काढलेला असतो तो बघावा. वाइन किंवा द्राक्षाचा रस आपल्या मनाने नेऊ नये, त्याचे नियम अजून कडक. सगळ्यात सोपं म्हणजे मैत्रिणीला सरळ विचारावं, त्यांना विचारलेलं आवडतं. दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे बैठक बहुतेक संध्याकाळी असेल, आणि शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ यात येत असेल तर फोन आणि फोटो बंद, हेही तिला सांगून ठेवा. आणि हो, मलिद्याची गोष्ट तिथे जरूर सांगायला सांगा, आमच्या गावाकडचे ज्यू मराठीत कीर्तन करायचे म्हटल्यावर त्या बैठकीत बाकी कोणाला बोलायला मिळणार नाही!

एका परदेशी बाईंचा ऑनलाइन ‘कबाला हीलिंग’ कोर्स आहे, साडेसात हजार रुपये, सोबत मंतरलेला लाल धागा. घेऊ का?
(एक वाचक, नाशिक)

नको.

बरं, थोडं सांगते. कबाला ही ज्यू गूढविद्या खरीच आहे, तिचा मुख्य ग्रंथ तेराव्या शतकाच्या अखेरीला स्पेनमधे पुढे आला, सोळाव्या शतकात गॅलिलीतल्या त्स्फात गावात तिची मोठी परंपरा झाली. पण ती हिब्रू आणि अरमाइक ग्रंथांवर उभी आहे, आणि जुने लोक म्हणायचे की चाळिशी उलटल्याशिवाय आणि धर्मशास्त्र पचवल्याशिवाय हात लावू नये. ती सहा रविवारांत झूमवर येत नाही. लाल धागा ही लोकरीत आहे, तो वाणसामानाच्या दुकानातून आणून बांधलात तरी मनगटाला तेवढाच छान दिसेल.

मी प्राथमिक शिक्षिका, सांगलीजवळ. पुरानंतर आमच्या शाळेतली काही मुलं गप्प झाली ती झालीच. चित्रकलेचा तास घ्यावा असं मनात आहे पण मला चित्रं काढता येत नाहीत. तुमच्या विषयात बसतं का माहीत नाही.
(एक बाई, सांगली)

बाई, अगदी बसतं. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस नावाची व्हिएन्नाची ज्यू चित्रकार होती, जन्म १८९८, जर्मनीच्या प्रसिद्ध बाउहाउस शाळेत शिकलेली. डिसेंबर १९४२ मधे नाझींनी तिला नवऱ्यासकट तेरेझिनच्या बंदिवासात पाठवलं. सोबत ५० किलो सामान नेता येत होतं. तिने त्यात जागा केली ती कागद-रंगांना. तिथे हजारो मुलं होती, शिक्षणावर बंदी होती, तरी ती चोरून मारून मुलांचे चित्रकलेचे वर्ग घ्यायची. कागद संपले की ऑफिसचे टाकलेले फॉर्म घ्यायचे, फाडून चिकटवून चित्र करायचं. काय भयानक बघितलं ते काढा असं ती म्हणायची नाही. हात मोकळा करायला लयीत रेघा मारायला लावायची, समोर असलेली एखादी वस्तू नीट बघायला लावायची, आणि प्रत्येक चित्रावर मुलाने स्वतःचं नाव घालायचंच. ऑक्टोबर १९४४ मधे तिला आउशवित्झला नेलं आणि तिथे मारलं. जाण्याआधी तिने मुलांची साडेचार हजारांच्या आसपास चित्रं दोन सुटकेसमधे भरून लपवली होती. ती वाचली. आज प्रागच्या ज्यू म्युझियममधे आहेत. चित्रं काढणारी बहुतेक मुलं वाचली नाहीत.

तिची एक जुनी विद्यार्थिनी एडिथ क्रेमर अमेरिकेत गेली आणि मुलांसाठी चित्रोपचार हा विषय उभा करणाऱ्यांत तिचं नाव पहिल्या फळीत घेतात. तेव्हा तुम्हाला चित्रं येत नाहीत हे चांगलंच आहे, तुम्ही चुका काढणार नाही. पूर काढा असं सांगू नका, नंबर देऊ नका, स्पर्धा तर अजिबात नको. जुनी वर्तमानपत्रं, लग्नपत्रिका, खळ, एवढ्यावर सुरू करा. नाव घालायला लावा आणि एकही चित्र रद्दीत देऊ नका. आणि एखादं मूल झोपत नसेल, जेवत नसेल तर चित्रांवर न थांबता जिल्हा रुग्णालयात समुपदेशक असतात त्यांना दाखवा.

जेमतेम चार-पाच हजार लोक उरलेत या समाजाचे भारतात. त्यांच्या बायकांवर एवढी पानं कशाला? आमच्या समाजावर कधी लिहिणार?
(एक नियमित वाचक, सोलापूर)

दादा, तुमचा समाज कोणता ते लिहिलंच नाही तुम्ही, कळवा, लिहू. बाकी संख्येचं म्हणाल तर माझगावची इस्राएली शाळा १८७५ ची, पुढे सर एली कदूरी शाळा झाली. तिथे रिबेका रूबेन बाई १९२२ ते १९५० मुख्याध्यापिका होत्या, आणि त्यांनी शाळांसाठी इंग्रजीची वाचनमाला लिहिली ती सगळ्यांच्याच मुलांनी वाचली. मिरियम मेंद्रेकर लग्नानंतर मीरा महादेवन झाल्या, दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या बांधकामावर मजूर बायकांची तान्ही पोरं धुळीत पडलेली बघून १९६९ मधे त्यांनी तिथेच तंबूत पाळणाघर काढलं, त्याचीच पुढे ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था झाली. मुंबईत वाढलेल्या सिओना बेंजामिन अमेरिकेत बसून बायबलमधल्या बायका निळ्या रंगात रंगवतात, त्यात आपली लघुचित्रं पण दिसतात. चार-पाच हजारांच्या मानाने बरंच आहे की नाही?

शब्बातला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाला, वाइनऐवजी मनुकांचं शरबत करतात म्हणे, कृती द्या ना.
(तीन जणींनी विचारलंय)

काळ्या मनुका घ्या, सोनेरी नको. दोन-तीन पाण्यांनी स्वच्छ धुवा, वाटीभर मनुकांना तीन वाट्या पाणी, रात्रभर भिजू द्या. सकाळी त्याच पाण्यात हाताने चांगल्या कुस्करा, मिक्सर चालतो पण बिया असतील तर कडू होतं. पातळ फडक्यातून गाळा. साखर नाही, मीठ नाही, काही नाही. शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या लावून झाल्या की यावरच किद्दुश, म्हणजे वाइनच्या पेल्यावर म्हणायचा आशीर्वाद, म्हणतात, कोकणात पूर्वी कोशर वाइन कुठली मिळायला. फ्रीजमधे दोन दिवस टिकतं, नंतर फसफसायला लागतं. पांढऱ्या कपड्यावर सांडू देऊ नका, डाग जात नाही.